एकाच बिंदूचे दोन अर्थ

वाचकाचं पत्र

माझे वडील गिरगावात हार्मोनियम शिकवत. त्यांच्या मागे दोन वह्या माझ्याकडे आल्या, मिळून 90 च्या आसपास बंदिशी. नीट छापून त्या घरच्यांना आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना द्याव्यात असं मनात आहे. मी स्वतः लहानपणी दोन-तीन परीक्षांपर्यंतच शिकले. वर्डमध्ये टाइप करायला घेतलं, पण बिंदू जागेवर राहत नाहीत आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की समोरच्याला चौकोन नाहीतर ठिपक्यांची वर्तुळं दिसतात. जुन्या वहीत आणखी एक कोडं आहे: भूप रागाच्या बंदिशीत जवळजवळ प्रत्येक स्वराखाली रेघ मारलेली आहे. भूपात कोमल (उतरलेला) स्वर नाही, मग बाबांची चूक झाली की काय? माझा मुलगा पियानो शिकतो, त्याला वाचता यावं म्हणून पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्येही हव्या आहेत. हे छापायचं शास्त्र कुठून आणि कसं शिकू?

उत्तर

ताई, बाबांची चूक नाही. उलट त्या रेघांनी तुम्हाला मोठ्या घोटाळ्यातून वाचवलं, म्हणून टायपिंग आज थांबवा आणि आधी त्या वहीत समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूण कोणती आहे ते पाहा. समेला 1 आणि खालीला (जिथे टाळी न देता हात सोडतात त्या मात्रेला) + असेल, तर ती वही विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलेखन पद्धतीने लिहिलेली आहे. समेला × आणि खालीला 0 असेल, तर विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत.

पलुस्कर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या काळाची खूण असते. आडवी छोटी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी मात्रा, लहान अर्धचंद्र म्हणजे पाव मात्रा. भातखंडे पद्धतीत मात्र स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल. तुमच्या भूपाच्या बंदिशीतल्या रेघा एकेका मात्रेच्या आहेत, तिथे कोमलचा प्रश्नच नाही. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराला हलन्तासारखी तिरकी रेघ असते.

खरा धोका बिंदूंचा आहे. भातखंडे पद्धतीत खाली बिंदू म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक आणि वर बिंदू म्हणजे तार (वरचं). पलुस्कर पद्धतीत मंद्राचा बिंदू वर असतो आणि तार सप्तकाला स्वरावर उभी रेघ. म्हणजे जुन्या वहीतला वरचा बिंदू तुम्ही तार समजून टाइप केला असेल, तर तो स्वर दोन सप्तकं वर गेला. आणि ती उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर आली की तीव्र (चढा) म होतो. ओळखीच्या रागात हे लगेच खटकतं, अनवट रागात किंवा बाबांच्या स्वतःच्या रचनेत खटकणार नाही, आणि तीच चूक छापून पुढच्या पिढीला जाईल.

तेव्हा पहिलं काम वाचनाचं. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनेसुद्धा काही लिहू नका. वेगळ्या कागदावर पानाचा नंबर, राग, ताल आणि 'भा' किंवा 'प' एवढी नोंद करा. एकाच वहीत मधूनच पद्धत बदललेली असू शकते, कारण शिकवणारा माणूस परीक्षेच्या गरजेप्रमाणे दोन्हींत लिहीत असतो. शंका आली तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मोजा. त्रितालाच्या ओळीत खुणांची बेरीज 16 भरली पाहिजे. पलुस्कर समजून वाचल्यावर 16 भरत असेल आणि भातखंडे समजून 16 भरत नसेल, तर निकाल लागला. त्यानंतर रागाच्या चलनाशी ताडून बघा: मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) पेटीवर वाजवला की सप्तक चुकलेलं कानाला कळतं.

छापताना सगळं एकाच पद्धतीत आणा, आणि आमच्या मते ती भातखंडे असावी. तुमचे बहुतेक वाचक तीच वाचतात, आणि कागदावर ती मांडायलाही सोपी आहे. तिच्यात जागा म्हणजेच वेळ. प्रत्येक मात्रेला सारख्या रुंदीचं घर, मग त्यात एक स्वर असो की चार. एका मात्रेत एकाहून जास्त स्वर आले की त्यांच्याखाली एकच अर्धचंद्र. स्वर लांबला की स्वरांच्या ओळीत आडवी रेघ, शब्द लांबला की शब्दांच्या ओळीत ऽ. वाचणाऱ्याची नजर ओळीच्या मध्येच पडली तरी बोट न मोजता त्याला सम सापडली पाहिजे. मांडणीतला प्रत्येक निर्णय याच कसोटीला लावा.

त्यासाठी वर्डमध्ये स्पेस आणि टॅब देऊन ओळी जुळवणं पूर्ण सोडून द्या. देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात, 'नि' आणि 'सा' यांच्या रुंदीत फरक आहे, त्यामुळे स्पेसने जुळवलेली ओळ फाँट बदलला की विस्कटते. टेबल घ्या. तीन आडव्या ओळींचा संच: वर स्वर, मध्ये शब्द, खाली तालाच्या खुणा. सगळ्या स्तंभांची रुंदी पक्की करा आणि 'आपोआप जुळवा' हा पर्याय बंद करा, नाहीतर चार स्वरांचं घर फुगतं आणि शेजारचं आक्रसतं. टेबलाच्या सगळ्या रेघा लपवा, फक्त तालाच्या विभागांच्या उभ्या रेघा ठेवा.

आता माप. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद. दोन्हीकडे 15 सोडले तर 180 उरतात. त्रितालाचं पूर्ण आवर्तन एका ओळीत घेतलं तर एका मात्रेला 11.25 मिलिमीटर मिळतात. 12 पॉइंटच्या टायपात एक स्वर साधारण 3 मिलिमीटर जागा खातो, म्हणजे एका मात्रेत दोन स्वर आरामात, तीन कसेबसे, आणि चार घातले की एकमेकांना चिकटतात. म्हणून स्थायी-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) 16 मात्रांच्या ओळीत लिहा, पण चौगुनीच्या, म्हणजे मात्रेत चार स्वरांच्या, ताना असतील तिथे आवर्तन 8-8 मात्रांच्या दोन ओळींत तोडा. तेव्हा मात्रेला 22.5 मिलिमीटर मिळतात. टाइप लहान करून एका ओळीत कोंबू नका. पेटीवर ठेवलेलं पान हातभर अंतरावरून वाचायचं असतं.

ओळ कुठून सुरू करायची यात बहुतेकांची चूक होते. बंदीश खालीपासून उठत असेल तर छापील ओळही खालीपासूनच उठली पाहिजे. समेपासून ओळ सुरू करून पहिल्या आठ मात्रा रिकाम्या सोडल्या, तर मुखडा दोन ओळींत तुटतो. भूपातली नवव्या मात्रेपासून उठणारी ही साधी ओळ पाहा:

प ग रे सा | रे सारे ग प | ध – प ग | रे ग रे सा

ओळीखाली खुणा 0, 3, ×, 2 अशा क्रमाने येतात (2 आणि 3 म्हणजे दुसरी आणि तिसरी टाळी), आणि समेवर धैवत पडतो. दुसऱ्या विभागातला 'सारे' हा एका मात्रेतला जोड आहे, त्याच्याखाली अर्धचंद्र हवा. तो नसेल तर वाचणारा त्या विभागात पाच मात्रा मोजतो आणि धैवत एक मात्रा उशिरा येतो. बंदीश सातव्या मात्रेपासून किंवा बाराव्यापासून उठत असेल तर पहिल्या ओळीचा विभाग अपुरा राहील, तो तसाच राहू द्या. सगळ्या ओळींमधली सम मात्र एकाखाली एक, त्याच स्तंभात आली पाहिजे.

आता तुमच्या सरकणाऱ्या बिंदूंकडे येऊ. तुम्ही मंद्रासाठी नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि तारेसाठी अनुस्वार वापरत असाल, बहुतेक जण तेच करतात. 'सा' टाइप करून मग नुक्ता दिला की ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, कारण युनिकोडमध्ये नुक्ता व्यंजनाला लागतो, काना नंतर. क्रम स, मग नुक्ता, मग काना असा ठेवला की वर्तुळ जातं. पण तेव्हाही बिंदू 'स' च्या खाली बसतो, 'सा' च्या मध्यावर बसत नाही. शिवाय 'र' ला नुक्ता दिला की संगणक त्याला 'ऱ' समजतो. वरच्या अनुस्वाराचं दिसणं ठीक असतं. छापील पुस्तकात तार षड्ज 'सां' असाच डोळ्याला सवयीचा आहे. फक्त एकदा जे ठरवाल ते 90 बंदिशींत तसंच ठेवा.

कोमलसाठी अंडरलाइन वापरू नका. दोन कोमल स्वर शेजारी आले आणि मधल्या जागेलाही अंडरलाइन लागली, की 'रे ग' खाली एकच लांब रेघ दिसते आणि ती मात्रेच्या जोडासारखी वाचली जाते. त्याऐवजी वैदिक स्वरचिन्हं वापरा, ती युनिकोडमध्ये देवनागरीचाच भाग आहेत. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली बसते, तिने रे॒ ग॒ ध॒ नि॒ लिहिता येतात; उदात्ताची उभी रेघ अक्षरावर बसते, तिने तीव्र म॑. ही चिन्हं प्रत्येक फाँटात नसतात. आयआयटी मुंबईने तयार केलेला 'शोभिका' हा मोफत फाँट वैदिक चिन्हांसह येतो, त्यावर सुरुवात करा. समोरच्याच्या मोबाइलमधल्या फाँटात तुमची चिन्हं नसल्यामुळेच चौकोन दिसत होते. वर्डची फाइल कुणाला पाठवू नका, फाँट आत बसवलेली पीडीएफ पाठवा.

मग एक दिवस फक्त चिन्हांचा तक्ता बनवण्यात घालवा. 12 स्वर, 3 सप्तकं, म्हणून 36 चिन्हं. मंद्र कोमल निषादासारख्या ठिकाणी रेघ आणि बिंदू दोन्ही खाली येतात. रेघ अक्षराजवळ आणि बिंदू तिच्याखाली, असं ठरवा. तार 'रे' आणि तार 'नि' मध्ये बिंदू मात्रेला किंवा वेलांटीला चिकटत नाही ना ते भिंगातून बघा. हा तक्ता छापून घ्या, त्याची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. तिसऱ्या पिढीच्या कागदावर बिंदू दिसत असेल तर तो टाइप चालेल. विद्यार्थी पुस्तकाची झेरॉक्सच काढणार आहेत, आणि बिंदू उडाला की सप्तक उडालं. पुढे टाइप करताना याच तक्त्यातून चिन्हं घ्या, किंवा ऑटोकरेक्टमध्ये प्रत्येकाला दोन अक्षरांचं लघुरूप नेमून द्या.

कणस्वर (मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा स्वर) मुख्य स्वराच्या डावीकडे वर, साधारण 60 ते 65 टक्के आकारात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दाखवायला स्वरांच्या वरून जाणारी कमान. ती पहिल्या स्वराच्या मध्यावर सुरू होऊन शेवटच्या स्वराच्या मध्यावर संपली पाहिजे, नाहीतर कुठून कुठे घसरायचं हे कळत नाही. कंसातला स्वर, उदाहरणार्थ (प), म्हणजे ध प म प असा झटका. बाबांनी कंस केला असेल तर तो उलगडून लिहू नका, कंसच ठेवा. वाजवणारा तो रागाप्रमाणे उलगडतो. पुस्तकाच्या सुरुवातीला एका पानावर सगळ्या खुणांचा खुलासा मात्र हवाच.

आता मुलाच्या स्टाफ नोटेशनबद्दल. इथे जागेचा नियम उलटा होतो. भातखंडे पद्धतीत जागा वेळ सांगते. स्टाफमध्ये वेळ नोटच्या आकारावरून कळते आणि जागा फक्त नजरेला मदत करते. एका मात्रेच्या नोटला 10 मिलिमीटर दिले, तर दोन मात्रांच्या नोटला 20 देत नाहीत, 14-15 देतात, आणि अर्ध्या मात्रेच्या नोटला 7 च्या आसपास. सरळ दुप्पट-निमपट केलं तर पान भोकाभोकांचं दिसतं. या प्रमाणाची जाण हाच त्या कामाचा गाभा. या कामाला एनग्रेव्हिंग (कोरीवकाम) म्हणतात ते उगाच नाही: कथील-शिशाच्या पत्र्यावर पाच टोकांच्या हत्याराने पाच रेघा एकदम ओढायच्या, संपूर्ण पानाची जागा आधी आखून घ्यायची, मग नोटची डोकी आणि चिन्हं छिन्नीसारख्या ठशांनी हातोडीने ठोकायची, दांड्या आणि कमानी कोरणीने कापायच्या, आणि हे सगळं आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं. 1501 साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने सुट्या टायपांनी संगीत छापलं होतं, पण त्यात एकच पान अनेकदा छापावं लागे. पत्र्यावर कोरलेल्या पानाची सफाई टायपाला आली नाही, म्हणून ती कला विसाव्या शतकापर्यंत टिकली. आजच्या सॉफ्टवेअरमधले नियम त्या कारागिरांच्या हातातूनच आले आहेत.

आणि हे परकं शास्त्र नाही, आपल्या मुंबईत ते रोज राबत होतं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या संगीतकारांनी हिंदी चित्रपटांसाठी वाद्यवृंद बांधला तो स्टाफवरच. ध्वनिमुद्रणाला बसलेल्या प्रत्येक वादकापुढे हाताने लिहिलेला त्याचा त्याचा भाग असे.

पहिला निर्णय सा कुठे धरायचा हा. बाबा काळी एकला, म्हणजे सी शार्पला सा धरून, वाजवत असतील, तर खऱ्या पट्टीत लिहिण्याचा मोह होईल. तसं केलंत तर सी शार्प मेजरचे सात शार्प (स्वर चढवायच्या खुणा) पानाच्या सुरुवातीला येतील. डी फ्लॅट धरलं तरी पाच फ्लॅट (उतरवायच्या खुणा). सा म्हणजे मधला सी धरा आणि पानावर 'सा = काळी एक' असं लिहा. पट्टी बदलून हवी असेल तेव्हा सॉफ्टवेअर ती बदलून देतं.

दुसरा निर्णय की सिग्नेचरचा, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला एकदाच लिहायच्या शार्प-फ्लॅटचा. यमनात तीव्र म आहे, म्हणून सुरुवातीला एफ शार्प टाकला की पियानो शिकलेलं मूल तो जी मेजर समजेल आणि जी ला घर मानेल. भैरवात कोमल रे आणि कोमल ध, मारव्यात कोमल रे आणि तीव्र म. असली की सिग्नेचर पाश्चात्त्य वाचकाने पाहिलेलीच नसते. म्हणून सुरुवातीला काही टाकू नका आणि शार्प-फ्लॅट त्या त्या नोटच्या आधी लिहा. पान थोडं गजबजेल, पण चुकीचं वाचलं जाणार नाही.

तिसरा तालाचा. स्टाफवर उभ्या रेघेनंतरच्या पहिल्या ठोक्यावर जोर द्यायची सवय असते. त्रिताल चार-चारच्या चार बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या घरांत) लिहिला की मूल 'खाली'वरही समेइतकाच जोर देईल. प्रत्येक बारच्या वर ×, 2, 0, 3 लिहा आणि आवर्तन संपतं तिथे दुहेरी रेघ द्या. झपताल पाच-पाच मात्रांच्या दोन बारमध्ये, आत दोन मात्रांनंतर तुटक रेघ. रूपक सात मात्रांचा एक बार, तुटक रेघा तीन आणि पाच मात्रांनंतर. त्याच्या पहिल्याच मात्रेवर खाली असते हे वर लिहायला विसरू नका. विलंबित ख्याल सध्या स्टाफवर घेऊच नका. तिथली एकेक मात्रा एवढी लांब असते की काळाचे तुकडे करून लिहिलेलं पान खरं वाटतं आणि असत नाही. मींड पियानोवर निघतच नाही, तेव्हा कमान काढून वर 'मींड' असा शब्द लिहा. कणस्वर तिरक्या छेदाच्या छोट्या नोटने लिहा.

सॉफ्टवेअर म्हणून म्यूझस्कोर घ्या. मोफत आहे आणि तुमच्या कामाला भरपूर पुरतं. एन दाबलं की लिहिणं सुरू, 5 म्हणजे एक मात्रेची नोट, 4 म्हणजे अर्धी, 6 म्हणजे दोन मात्रा, आणि स्वरासाठी ए ते जी ही अक्षरं. कंट्रोल-एल ने शब्द लिहायचे, स्पेस दिली की पुढच्या नोटवर. ओळ तोडायला एंटर. शब्दांचा फाँट स्टाइलमध्ये जाऊन देवनागरी निवडा, नाहीतर मिळेल तो फाँट लावला जातो. शब्द तोडताना जोडाक्षर फोडू नका: 'कृष्ण' चे तुकडे 'कृ' आणि 'ष्ण', 'कृष्' आणि 'ण' नव्हे. इंग्रजी पद्धतीची जोडरेघ देवनागरीत गाणाऱ्याला अडवते. एक अक्षर अनेक नोटांवर चाललं असेल तर खालून सरळ रेघ पुरते.

पानावर नजर ठेवायच्या गोष्टी थोड्याच, पण त्या पक्क्या आहेत. दोन रेघांमधलं अंतर 1.75 मिलिमीटर म्हणजे स्टाफची उंची 7 मिलिमीटर. मुलगा लहान असेल तर 8 करा. नोटची दांडी साडेतीन घरांची (घर म्हणजे दोन रेघांमधलं अंतर), म्हणजे एक सप्तक उंच. मधल्या रेघेच्या खालच्या नोटेला दांडी उजवीकडून वर, वरच्या नोटेला डावीकडून खाली. पाच रेघांबाहेरच्या जादा रेघांवरच्या नोटेची दांडी निदान मधल्या रेघेपर्यंत पोचली पाहिजे. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण एका पानात जास्त बार कोंबले की तेच सॉफ्टवेअर नोटा एकमेकींवर चढवतं आणि तक्रार करत नाही. एका ओळीत एक आवर्तन ठेवलंत तर हा प्रश्न येत नाही, आणि सम प्रत्येक ओळीत एकाच जागी येते.

फाइल म्यूझस्कोरच्या रूपात ठेवा, शिवाय म्यूझिकएक्सएमएल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाइल) आणि पीडीएफही ठेवा. फिनाले हे 1988 पासूनचं सॉफ्टवेअर 2024 च्या ऑगस्टमध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि ज्यांनी दुसऱ्या रूपात काही ठेवलं नव्हतं त्यांची धावपळ झाली.

शिकण्याबद्दल विचारलंत. रोज वीस मिनिटं नक्कल करा. चांगलं छापलेलं एक पान समोर ठेवायचं, पट्टी आणि 0.5 चं पेन घ्यायचं, आणि ते हुबेहूब उतरवायचं, मोजमापासकट. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतलं एक पान आणि पियानोच्या पुस्तकातलं एक पान, आलटून पालटून. दांडी कुठे टेकते, दोन ओळींत किती जागा सोडली आहे, शब्द स्वराच्या मध्यावर आहे की डाव्या कडेला, हे हाताने काढल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही. पियानोची छापील पुस्तकं धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये चाळायला मिळतील. दोन प्रकाशकांची एकच रचना शेजारी ठेवून बघा.

प्रूफ तीन वेळा, तीन वेगळ्या पद्धतींनी. पहिल्यांदा दोघं बसा: एकाने वहीतून मोठ्याने म्हणायचं, 'मंद्र ध, मध्य सा, कोमल रे', दुसऱ्याने छापील पानावर टिंब करत जायचं. दुसऱ्यांदा फक्त मात्रा मोजा, स्वर वाचूच नका. एक रेघ गळली की पुढची सगळी ओळ एका घराने सरकते आणि वाचताना ते कळत नाही, मोजताना कळतं. तिसऱ्यांदा ती बंदीश माहीत नसलेल्या कुणाला तरी पानावरून गायला सांगा. तुम्हाला ती पाठ आहे, त्यामुळे पानावर नसलेलंही तुम्ही गाल. अंतऱ्याच्या ओळी स्थायीवरून कॉपी केल्या असतील तर शब्दांच्या ओळीत स्थायीचे शब्द राहिलेत का, हे वेगळं बघा. ही चूक फार होते.

फोर्टातल्या झेरॉक्सवाल्याकडे नमुना काढताना 'फिट टू पेज' बंद करायला आणि 100 टक्क्यांवर छापायला सांगा, नाहीतर तुमचे मोजून घेतलेले मिलिमीटर वाया जातात. पुस्तकासाठी 100 जीएसएमचा नॅचरल शेडचा मॅपलिथो कागद घ्या. गुळगुळीत आर्ट पेपर मंचावरच्या दिव्यात चकाकतो आणि स्वर दिसत नाहीत. 90 बंदिशींची 90 पानं आणि सुरुवातीची 6, म्हणजे 96. सोळा-सोळा पानांचे सहा फॉर्म (छापून दुमडलेले जुडगे) नेमके बसतात. नुसत्या गोंदाच्या बांधणीचं पुस्तक पेटीवर उघडं राहत नाही आणि दाबून उघडलं की पानं सुटतात. फॉर्म शिवून घ्या. पंचवीस-तीसच प्रती असतील तर वायरो (तारेच्या कड्यांची बांधणी) उत्तम, पान पूर्ण उलटं फिरतं. आतल्या कडेला 20 मिलिमीटर सोडा आणि बाहेरच्या कडेला 10, म्हणजे ओळीला आधीचे 180 च राहतात. दोन पानांची बंदीश डाव्या पानावर सुरू करा म्हणजे उलटावं लागणार नाही. स्टाफच्या बंदिशींची वेगळी पुस्तिका करा, आणि तीत 90 नकोत; मध्यलयीतल्या वीस निवडा.

हक्कांचं एकदा पाहून घ्या. बाबांच्या स्वतःच्या रचना तुम्ही वारसांनी छापायला हरकत नाही. दुसऱ्याच्या छापील पुस्तकातून त्यांनी उतरवून घेतलेल्या असतील, तर आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. भातखंडे 1936 मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालं आहे. हयात किंवा अलीकडे गेलेल्या कलाकाराची बंदीश असेल तर घरच्यांना विचारा आणि नाव छापा.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, याच आठवड्यात, दोन्ही वह्या स्कॅन करा: रंगीत, 600 डीपीआय, प्रत्येक पान वेगळं, कोरी पानंसुद्धा. काळं-पांढरं स्कॅन केलं तर शाईचे बिंदू आणि कागदावरचे डाग सारखेच दिसतात; रंगीत स्कॅनमध्ये शाईचा बिंदू निळा राहतो. फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत त्याचा चिकटा पिवळा पडून अक्षरं खातो. वह्या बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका, गिरगावातला पावसाळा त्या भिंतीतूनच आत येतो. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह वरच्या खणात ठेवा, आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला.

पहिली बंदीश ती भूपाचीच घ्या. रेघांचा अर्थ आता तुम्हाला माहीत आहे. ती भातखंडे पद्धतीत एका पानावर मांडा, पेटीवर ठेवा, आणि मुलाला फक्त समेवर बोट ठेवायला सांगा.